कथेतील चंद्रकांत मण्याला कोणती शक्ती द्यावी?

उगमकाठ (खानापूर)

गेले वर्षभर मी एक दीर्घ अद्भुतकथा लिहीत आहे. कथेतील राज्य कल्पित असले, तरी त्याची भूमी मी आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानावरून घेतली आहे. तांबडी माती, घनदाट झाडी, पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारे आभाळ आणि राज्याच्या पश्चिम टोकाला नदीचा उगम, असे ते राज्य आहे. उगमाच्या कुंडात चंद्रकांत मणी सापडतात आणि ते राजाकडे न जाता कुंडाची राखण करणाऱ्या एका कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, एवढे पक्के ठरले आहे.

अडचण मण्याच्या शक्तीची आहे. पहिल्या खर्ड्यात हा मणी जखमा भरतो, अंधारात उजेड देतो, खोटे बोलणाऱ्याला उघडे पाडतो आणि शेवटी शत्रूचे सैन्यही थोपवतो. माझ्या आतेबहिणीला तो भाग वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले की एवढे सगळे मणीच करत असेल, तर कथेतल्या मुलीने करायचे काय उरले? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. परदेशी कथांतून पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाशी या रत्नाचा संबंध जोडलेला मी वाचला आहे, परंतु ती कल्पना आमच्या रानात रुजेल असे वाटत नाही. आपल्या परंपरेत चंद्रकांताला कोणते गुण सांगितले आहेत आणि त्यातून कथेसाठी एखादा ठाम नियम कसा बांधता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी पोथी (बेळगाव)

आपल्या परंपरेने या मण्याला एकच मुख्य गुण दिला आहे आणि तो इतका सुंदर आहे की दुसऱ्या गुणाची मला गरज वाटत नाही. चंद्राचे किरण पडले की हा मणी पाझरतो. शशिकांत, सोमकांत ही त्याचीच नावे आहेत आणि आपल्या कानडी शेजाऱ्यांकडेही चंद्रकांत शिला हाच शब्द चालतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नांची जी नावे सांगितली, त्यांत शशिकांत आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात राजाच्या कोशाचे वर्णन करताना रत्नपरीक्षेला जागा दिली. आपला हा मुलूख तेव्हा चालुक्यांच्याच सत्तेच्या छायेत होता, त्यामुळे आपल्या कल्पित राजाच्या दरबारात एखादा रत्नपारखी बसवला, तर तो परका वाटणार नाही.

कथेला सर्वांत उपयोगी पडेल ती सुश्रुतसंहिता. तिच्या सूत्रस्थानातील ४५व्या अध्यायात निरनिराळ्या पाण्यांचे गुण सांगताना चंद्रकांतातून निघालेल्या पाण्याचाही उल्लेख येतो. ते शीतल व आल्हाददायक आहे, ज्वर, दाह, विष आणि पित्त यांचे शमन करणारे आहे आणि ते ‘रक्षोघ्न’, म्हणजे राक्षसबाधा दूर करणारे आहे. येथे औषध आणि मंत्रशक्ती एकाच श्लोकात शेजारी बसली आहेत. हे सर्व गुण मण्याचे नसून पाण्याचे आहेत, याकडे मात्र आपण लक्ष द्यावे. मणी गळ्यात बांधून काही होत नाही. तो चांदण्यात ठेवावा लागतो, थांबावे लागते, आणि मिळेल ते पाणी जपून वापरावे लागते. जखम भरणे आणि सैन्य थोपवणे माझ्या मते काढून टाकावे. दाह, ताप, विष आणि बाधा एवढ्यावरच मण्याची सत्ता असावी.

आणखी एक सांगावेसे वाटते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव म्हणतात की चंद्रकांत द्रवतो खरा, परंतु ती हातोटी चंद्राची आहे. त्याचप्रमाणे श्रोत्यांवाचून वक्ता हा वक्ता ठरत नाही. हा दृष्टान्त माझ्या विशेष आवडीचा आहे. आपल्या राखणदार कुटुंबाला मण्यांचे धनी होता येईल, पण त्यांतील शक्तीचे धनी होता येणार नाही. हे त्या मुलीला ज्या प्रसंगात उमगेल, तो प्रसंग कथेत सावकाश लिहावा.

कोंदण (शहापूर, बेळगाव)

पोथीतील चंद्रकांत आणि आज आम्ही सराफ ज्याला चंद्रकांत किंवा मूनस्टोन म्हणून विकतो तो खडा, हे दोन्ही एकच असतील असे गृहीत धरू नये. आजचा खडा फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या जातीचा आहे आणि त्यातून पाणी पाझरत नाही, हे मी पंचवीस वर्षांच्या जडावकामानंतर सांगू शकतो. तरीही त्याचे खरे गुण कथेला उपयोगी पडतील.

या खड्यात दोन प्रकारच्या फेल्डस्पारचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात. त्या थरांतून प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभागाखाली दुधाळ-निळसर तेज तरंगल्यासारखे दिसते. थर जितके पातळ, तितकी झाक निळी. खडा कलला की तेज सरकते. म्हणूनच या खड्याला बहुधा पैलू न पाडता घुमटासारखा गोल घासतात, आणि घासताना थरांची दिशा बैठकीला समांतर राहिली नाही, तर ते तेज एका बाजूला ढळते किंवा दिसतच नाही. उत्तम खडा अशिक्षित हातात सामान्य काचेसारखा होऊन बसतो. कुंडातून निघालेले ओबडधोबड मणी कथेतील लोकांना निरुपयोगी वाटावेत आणि एखाद्या वृद्ध घासणाऱ्या बाईलाच त्यांतील थरांची दिशा ओळखता यावी, अशी योजना करता येईल.

दुसरी गोष्ट त्याच्या नाजूकपणाची. कठीणपणाच्या मोस मोजपट्टीवर, जिच्यात हिरा १० असतो, तो ६ ते ६.५ इतकाच भरतो, म्हणजे गारगोटीहूनही मऊ, आणि दोन दिशांनी तो सहज चिरतो. उमेदवारीच्या काळात मी एका कर्णफुलातील मणी न काढताच झाळण्यासाठी ज्योत दिली आणि मणी माझ्या डोळ्यांदेखत दुभंगला. ते कर्णफूल एका आजीबाईंच्या आईचे होते. त्यांना मी दुसरा खडा बसवून दिला, पण त्या दिवसाची खंत अजून आहे. आपल्या कथेत मणी फुटू द्या, आणि फुटला की तो पुन्हा जोडता येऊ नये.

पूर्वभाग (रामदुर्ग)

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मला वाटते की आपला नियम आपल्या जिल्ह्याच्या आभाळातच तयार आहे. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत आमच्या रामदुर्गावरून पुढे कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. एकाच नदीच्या या दोन टोकांचे हवामान एकमेकांच्या उलट आहे. आपल्याकडे पाऊस प्रचंड, म्हणून आषाढ-श्रावणात चंद्र दिसणे दुर्मीळ. आमच्याकडे पाऊस थोडा, आभाळ मोकळे आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. म्हणजे मणी जेथे सापडतात, तेथे पाण्याचा पूर असताना ते कोरडे पडून राहतात, आणि जेथे चांदणे भरपूर आहे, तेथे मणी नाहीत. पश्चिमेकडे मणी आणि पूर्वेकडे चंद्र अशी वाटणी झाली की दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांशी बोलणी करावीच लागतील, आणि कथेतील संघर्षासाठी वेगळा राक्षस आणावा लागणार नाही.

मेघदूतातही नेमके हेच आहे. अलकानगरीत जाळीला टांगलेले चंद्रकांत मध्यरात्री पाझरतात, परंतु ते मेघाचा अडसर दूर होऊन चंद्रकिरण स्वच्छ झाल्यावर, असे यक्ष मेघालाच सांगतो.

तिथीचाही हिशेब ठेवावा. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसला, तरी त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण एक दशांशच असतो, कारण तिरप्या उन्हात चंद्रावरील खाचखळग्यांच्या सावल्या लांबतात आणि पूर्ण चंद्राच्या वेळी त्या जवळजवळ नाहीशा होतात. पौर्णिमेला मणी ओंजळभर पाणी देत असेल, तर अष्टमीला जेमतेम चमचाभर मिळावे. पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो, त्यामुळे तापाने फणफणलेल्या रोग्याजवळ बसलेल्या माणसाला प्रत्येक रात्री अधिक वाट पाहावी लागेल. तारखा जुळवताना पंचांग शेजारी ठेवावे, ही विनंती.

उगमकाठ (खानापूर)

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. सैन्य थोपवण्याचे प्रकरण मी काल रात्रीच काढून टाकले. आता ताप पूर्वेकडील गावांत पसरतो, मुलगी एकच मणी घेऊन नदीकाठाने निघते आणि कापडात गुंडाळलेला तो मणी वाटेत आपटू नये, यासाठी तिला घोडा सोडून पायी चालावे लागते. एक शंका उरते. पावसाळाभर चंद्र न पाहिलेला मणी पहिल्या चांदण्यात नेहमीइतकाच पाझरेल की साठून राहिल्यासारखा अधिक?

जुनी पोथी (बेळगाव)

साठवण मानू नये. हातोटी चंद्राची असेल, तर मण्यात काही साठणार नाही. मात्र पावसाळ्यानंतरची पहिली स्वच्छ पौर्णिमा बहुतेक वर्षी कोजागरीच असते आणि त्या रात्री आपण सर्वजण दूध चांदण्यात ठेवतो. मुलगी कोजागरीच्या संध्याकाळी त्या गावात पोचू द्या. अंगणात दुधाची पातेली मांडलेली असावीत, तिने त्यांच्याशेजारी मणी ठेवावा, आणि पश्चिमेकडून परतीच्या पावसाचा ढग वर चढत असावा.