घरचं माणूस सोबत न्या, पण दुभाषा म्हणून नको

कर्णबधिर माणूस मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघाला की 'आईला सोबत न्या, ती डॉक्टरांना खुणांचा अर्थ सांगेल' असा सल्ला मिळतो. तो सोबतीपुरता ठीक. आईसमोर आत्महत्येचा विचार सहसा कुणी काढत नाही, आणि काढलाच तर ती तो सौम्य करून पोचवते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ४ मध्ये माहिती सांकेतिक भाषेत किंवा चित्रांतून देण्याची तरतूद आहे. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय असो की सांगलीचं सिव्हिल, सांकेतिक भाषेच्या दुभाषासाठी लेखी अर्ज द्या, त्यात हे कलम घाला आणि वेळ दुप्पट मागा. दुभाषा डॉक्टरांच्या शेजारी बसावा, पण दोघांच्या पाठीमागे खिडकी नको. चेहरा काळवंडला की अर्धा अर्थ गेला, कारण सांकेतिक भाषेचं बरंचसं व्याकरण भुवया-ओठांवर असतं.

राहिली औषधांची बाजू. मानसिक आजारावरच्या गोळ्यांपैकी हॅलोपेरिडॉलने हात ताठरू शकतात, लिथियमने थरथरतात. ऐकू येणाऱ्याचा फार तर चहा हिंदकळतो, कर्णबधिराचं बोलणंच अडखळतं. मग 'असंबद्ध खुणा करतोय, आजार वाढला' असा उलटा अर्थ लागायची भीती. गोळी सुरू होण्याआधी सहज गप्पांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, पुढच्या भेटीत नव्या व्हिडिओशेजारी दाखवा. परस्पर गोळी मात्र थांबवू नका.