मूठभरांचा उपद्रव, कुलूप मात्र सगळ्यांना

पायवाट

एखादा डोंगरमाथा, एखादा किनारा, जुनी चित्रं असलेला एखादा कातळ. वर्षानुवर्षं तिथे कोणीही जाऊ शकत होतं. मग कोणी स्प्रेचा डबा घेऊन येतं, कोणी नाव कोरतं, कोणी बाटल्या फोडून जातं आणि एके दिवशी फाटकावर पाटी लागते, 'प्रवेश बंद'. अशी बातमी आली की खाली बहुतेक जण 'बरं झालं' असं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

ज्यानं रंग फासला तो पाटी वाचून परत फिरणाऱ्यांतला नसतोच, तो कुंपण ओलांडून जातो. परत फिरतात ते रोज सकाळी येणारे, स्वतःचा कचरा परत नेणारे, जमलं तर दुसऱ्याचाही उचलणारे. म्हणजे बंदीनं त्या जागेवर लक्ष ठेवणारे डोळेच कमी होतात. पुढे तिथे काय चाललंय, हे कळायलासुद्धा कोणी उरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस ठप्प होतं. उद्यान उघडं, पण कर्मचारी जवळजवळ नाहीत. लोकांनी वाळवंटात गाड्या घातल्या, झाडं तोडली. पण त्याच दिवसांत शौचालयं साफ करणारे आणि कचऱ्याच्या पिशव्या बदलणारे लोकही तिथलेच, बिनपगारी होते. तिथे कमी पडली ती पगारी माणसं. बंदी घालून ती येत नाहीत, उलट ती नेमण्याची निकडच संपते.

बंदी घालायचीच असेल तर पाटीवर कारण लिहा आणि तारीख लिहा. कशामुळे बंद, कधी उघडणार. बिनतारखेची बंदी म्हणजे सार्वजनिक जागा गुपचूप काढून घेणं आहे.

कातळरेघ

ठाम असहमत. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची बाजू मांडलीत, कातळाची कोणी मांडायची?

तुम्ही ज्या उद्यानाचं नाव घेतलंत, त्याच उद्यानात २०१३ मध्ये रॅटलस्नेक कॅन्यन ही घळ बंद करावी लागली होती. सुरुवातीला खुणा थोड्याच होत्या. त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले आणि बघता बघता पुढच्यांनी नावं जोडत नेली. त्या वेळी 'चांगले डोळे' तिथे होतेच की! घळ उघडी होती, लोक येत होते. तरी रंग चढत गेला.

मी रंग काढण्याच्या कामाला जाते, म्हणून काय होतं ते सांगते. वालुकाश्म सच्छिद्र असतो, रंग आत शिरतो. तारेच्या ब्रशनं घासलं तर रंगाआधी दगडाची साल निघते. वर दगडफूल असेल तर तेही जातं, आणि ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं, कधी तेवढंही नाही. वाळवंटी खडकावर जो काळपट थर असतो तो जमायला हजारो वर्षं लागतात. आम्ही घासलं की तेवढाच भाग फिका पडतो आणि फिक्या अक्षरांत तेच नाव पुन्हा वाचता येतं! मग आजूबाजूचाही दगड थोडा घासावा लागतो, नाव मोडण्यासाठी. म्हणजे एकानं केलेलं नुकसान लपवायला आम्ही आणखी नुकसान करतो. हे एकदा हातानं केलं की 'कधी उघडणार' हा प्रश्न पहिला राहत नाही.

आणि रंग चित्रांवरच पडला तर घासायचाही पर्याय नाही.

रानजाई

कातळरेघ, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण बंदी कोणाला लागते तेही बघा.

माझे वडील चाकाच्या खुर्चीवर असतात. आम्ही ज्या तलावावर जायचो तिथे काठापर्यंत गाडी जायची. पार्ट्या आणि काचा वाढल्या म्हणून रस्त्याच्या तोंडाशीच फाटक लावलं, तलाव तिथून बराच आत. आता पार्टी करणारी मुलं फाटकावरून उडी मारून चालत जातात, काचा आजही पडतात. वडिलांचं जाणं मात्र कायमचं थांबलं. पाटी सगळ्यांसाठी सारखी असली तरी फाटकाची उंची सगळ्यांना सारखी नसते. गुडघे दुखणारी आजी, लहान मूल कडेवर असलेली बाई, दिसत नसलेला माणूस हे पहिल्या दिवशीच गळतात, आणि यांच्यातल्या कोणीही तिथे बाटली फोडलेली नसते.

पहारा

मी काही वर्षं एका संरक्षित जागेवर गस्तीचं काम केलंय. दोन्ही बाजूंचं वाचून काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

'दंड करा, पकडा' असं सगळे म्हणतात. स्प्रेनं नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं. पकडायचं तर त्या अर्ध्या मिनिटात मी तिथे हवा. जागेला वाटा दोन, मी एकटा. एका वाटेवर असलो की दुसरी मोकळी. ज्यांना अडवायचो त्यांतले निम्मे खोटं नाव सांगायचे, आणि ओळखपत्र दाखवायला भाग पाडायचा अधिकार मला नव्हता. दंडाची पाटी मोठी होती, पावतीपुस्तक मात्र जवळजवळ कोरं.

कचऱ्याचं गणित वेगळं आहे. कचरा पसरतो तो गाडी जिथे थांबते तिथून, आणि जड सामान उचलून नेववतं तिथपर्यंतच. शीतपेट्या, स्पीकर, बाटल्यांचे खोके घेऊन कोणी तासभर चढत नाही. कचरापेट्या वाढवून बघितल्या. पेटी भरली की लोक शेजारी पिशव्या ठेवतात आणि रात्री जनावरं त्या फाडून रानभर करतात. रोज उचलायला गाडी नसेल तर पेटी नसलेली बरी. शेवटी उपयोग झाला तो गाड्यांचा तळ मागे हटवण्याचा. जागा उघडी ठेवली, फक्त गाडी लांब. कचरा डोळ्यांना दिसण्याइतका घटला.

रानजाई ताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, कारण आमच्या उपायानंही असेच लोक गळले असणार. गरज असलेल्यांच्या गाडीसाठी फाटक उघडायची सोय आम्ही ठेवली होती.

रानजाई

पहारा दादा, तशी सोय आमच्याकडेही आहे, कागदावर. फोन करायचा, किल्ली घेऊन माणूस येणार. फोन उचलला जात नाही, उचलला तर किल्लीवाला रजेवर. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आल्यावर वडील म्हणाले, आता नको. किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस कायम तिथे हवा. म्हणजे पुन्हा माणूसच लागतो, फाटकानं काम भागत नाही.

प्रश्नचिन्ह

दोन प्रयोग माहीत असावेत असे आहेत. पहिला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातला, संशोधक केस कायझर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला. सायकली लावायच्या बोळात हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले, जवळ कचरापेटी नाही. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, भिंतीवर रंगानं रेघोट्या असताना ६९ टक्क्यांनी. बोळ तोच, पेटी दोन्ही वेळा नव्हतीच, बदलली फक्त भिंत. म्हणून 'उपद्रवी' आणि 'चांगले' असे दोन कायमचे गट मानणं मला चुकीचं वाटतं. पायवाट, तुमची सगळी मांडणी त्या वाटणीवर उभी आहे.

दुसरा ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमधला. तिथे लाकडाचे दगड झालेत आणि लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या गटानं वाटेवर खूण केलेले तुकडे ठेवून पाट्या बदलून बघितल्या. 'याआधी अनेकांनी तुकडे नेले, त्यानं जंगलाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी असताना चोरी जवळपास ८ टक्के झाली. 'कृपया नेऊ नका' एवढंच सांगितलं तेव्हा २ टक्क्यांच्याही खाली. 'लोक इथे फार घाण करतात' हे ओरडून सांगणाऱ्या पाट्या आपण हौसेनं लावतो, त्या उलटं काम करत असतील.

पायवाट

प्रश्नचिन्ह, वाटणी पक्की नसते हे मान्य. पण मग तुमच्या पहिल्या प्रयोगातून निघतं ते 'पहिली रेघ लगेच पुसा' हे, 'बोळ बंद करा' हे नाही. पहिली रेघ आठवडेच्या आठवडे तशीच राहते, कारण पुसायला माणूस नाही. मग दोनशे रेघा झाल्या की लोकांना दोष देऊन कुलूप लावलं जातं. मला चीड येते ती याची.

कातळरेघ

आणि पुसून जे भरून येत नाही त्याचं काय? थायलंडमधली माया बे घ्या. दिवसाला हजारो माणसं, बोटींचे नांगर, खाली प्रवाळ मेलेलं. जून २०१८ मध्ये बंद केली. काही काळातच काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत दिसू लागले. जानेवारी २०२२ मध्ये उघडली ती नियम बदलून. बोटी आता खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि एका वेळी किती माणसं असावीत त्यालाही मर्यादा आहे. उघडी ठेवून, प्रबोधन करत करत हे झालं नसतं.

पायवाट

माया बे आधी चार महिन्यांसाठी म्हणून बंद केली होती. चारचे झाले साडेतीन वर्षं. मी तारीख मागतो ती याचसाठी.

कातळरेघ

चार महिन्यांनी प्रवाळ तयार नव्हतं, म्हणून मुदत वाढवली. प्रवाळ पाटीवरची तारीख बघून वाढत नाही. तुमच्या नियमानं ती खाडी ऑक्टोबर २०१८ मध्येच उघडली असती आणि होतं तेही गेलं असतं. तारीख मागणं सोपं आहे, ती चुकीची निघाली तर भरपाई कोण करणार?

पायवाट

हा मुद्दा वजनदार आहे. मग मागणी अशी मांडतो: उघडण्याची तारीख नको, तपासणीची तारीख द्या. अमुक महिन्यात पाहणी होईल, काय आढळलं ते लोकांना कळवलं जाईल, आणि बंदी वाढवायची तर पुन्हा कारण द्यावं लागेल. निर्णय कोणाच्या सहीनं झाला तेही पाटीवर असावं. आज होतं काय, बंदी लागते तेव्हा आदेश निघतो. ती उठवायला मात्र कोणीतरी आठवण करून द्यावी लागते, आणि तोवर आठवण करून देणारी माणसं तिथे जायची थांबलेली असतात.

पहारा

तपासणीच्या तारखेला माझा पाठिंबा. आतून सांगतो, बंद जागेचा अहवाल कोणी मागत नाही. तक्रार येत नाही, अपघात होत नाही, वरिष्ठ खूश. उघडी ठेवण्यात सगळी जोखीम आमच्यावर असते.

पण बंद आणि उघडं यांच्यामध्ये बरंच काही बसतं. टेक्सासमध्ये वेको टँक्स म्हणून जागा आहे, खडकांवर प्राचीन चित्रं, आणि प्रस्तरारोहकांची लाडकी. नुकसान वाढलं म्हणून १९९८ पासून नियम कडक झाले. एका भागात स्वतःच्या स्वतः फिरायला एका वेळी ७० जण, बाकी भागात वाटाड्याबरोबरच. आत जाण्याआधी माहितीची चित्रफीत बघावी लागते. आरोहकांनी तेव्हा खूप नाराजी व्यक्त केली होती, पण जागा आजही लोकांना दिसते.

रानजाई

परवान्यांचीही एक बाजू सांगते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं मोकळ्या रानात जबाबदारीनं फिरायचा, मुक्काम करायचा हक्क सगळ्यांना आहे. तरी लोमंड सरोवराच्या काठी टाकून दिलेले तंबू, जळके डाग आणि कापलेली झाडं वाढली म्हणून २०१७ पासून ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर मुक्कामाला परवाना लागतो. भटकणाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं की कचरा आणि झाडतोडीला कायदे आधीच आहेत, ते वापरा, हक्काला हात लावू नका. मला ते पटतं. परवाना मिळतो तो आधी बेत आखू शकणाऱ्याला, अर्ज भरता येणाऱ्याला. संध्याकाळी कामावरून सुटून 'चला जाऊ' म्हणणारा त्यात बसत नाही.

तरीही परवाना की कुलूप यात निवडायचं तर मी परवाना घेईन. पण अट एकच, त्या पैशांतून फाटकावर माणूस बसवा.

कातळरेघ

तपासणीची तारीख, कारण, सही, फाटकावर माणूस, सगळं मान्य. तलाव, किनारे, कुरणं, जिथे जिथे जमीन पुन्हा सावरते तिथे हे लागू करा, मी तुमच्या बाजूनं अर्जावर सही करीन. चित्रांचे कातळ मात्र यातून वेगळे काढा. तिथे पहिला ओरखडा दिसला की त्याच दिवशी बंद, बाकी चर्चा नंतर.

पायवाट

त्याच दिवशी बंद करा, चालेल. पण बंदीच्या पहिल्या पाटीवरच पाहणीचा महिना छापलेला असू द्या. आणि पाहणीला दोन-तीन नेहमीचे येणारे सोबत घ्या, तुमच्यासारखे घासकाम करणारे आणि रानजाईंच्या वडिलांसारखेही. पुढच्या आठवड्यात मी असा अर्जाचा मसुदा इथेच टाकतो, त्यात कातळांचं कलम तुम्हीच लिहा.