गोळीची आठवण करून देणारे मोबाईल ॲप दर्यावर चालेल का?

हर्णै किनारा (प्रश्न):
माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. एचआयव्हीवरचे एआरटी उपचार सुरू होऊन त्याला दोन वर्षे झाली असून रोज रात्री जेवणानंतर टीएलडीची (तीन औषधे एकत्र असलेली) एक गोळी घ्यायची, एवढाच त्याचा उपचार आहे. तरीही मागच्या तपासणीत विषाणूभार (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) वाढलेला आढळला आणि बाटलीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा आठ जास्त निघाल्या. बर्फ भरून बोट आठ-दहा दिवसांसाठी बाहेर पडली की जाळे ओढण्याच्या वेळा रात्रंदिवस बदलत राहतात. शिवाय केबिनमध्ये बाटली खुळखुळली तर कोणीतरी विचारणारच, म्हणून त्याने तिच्यात कापूस कोंबून ठेवला आहे. मी त्याच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले होते. परंतु गाणी लावण्यासाठी फोन तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) हातात असताना पडद्यावर औषधाचे नाव ठळक अक्षरांत झळकले आणि त्याच रात्री भावाने ते ॲप काढून टाकले. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. त्याआधी काही व्यवस्था करता येईल का?

निवृत्त समुपदेशक, रत्नागिरी:
बाटली बदलू नये आणि आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नये; दर्यावरच्या दमट हवेत गोळ्या कागदात बांधून नेणे तर मुळीच योग्य नाही. कापूस ठेवावा का, हे उपचार केंद्रात विचारून घ्या.

ॲपविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. केनियात ५३८ रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिका आठवड्यातून एकदाच ‘कसे आहात?’ अशा अर्थाचा लघुसंदेश पाठवत असत, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर अपेक्षित असे, आणि जो अडचण कळवी किंवा गप्प राही त्याला फोन केला जाई. तेथे औषध नियमित घेण्याचे प्रमाणही वाढले आणि विषाणूभारही अधिक जणांमध्ये दबला. उलट दक्षिण भारतात ६३१ रुग्णांना दर आठवड्याला यंत्राकडून फोन आणि चित्रसंदेश पाठवण्यात आले, तेव्हा सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही उपचाराच्या यशात फरक दिसला नाही (२०१४). दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती हे मान्य करूनही मला वाटते की पलीकडे कोणी माणूस आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. गजर वाजतो, हाताचे बोट त्याला बंद करते आणि गोळी राहून जाते, असे मी केंद्रात शेकडो वेळा ऐकले आहे.

दर्यावर्दी नसलेला तंत्रज्ञ:
समुपदेशकांचे म्हणणे पटले, तरी गजराला इतके मोडीत काढू नये. अडचण अशी की अनेक ॲप सूचना सर्व्हरवरून पाठवतात आणि किनारा सुटला की नेटवर्क जाते. म्हणून फोनच्या घड्याळातलाच साधा गजर लावावा, त्याला औषधाचे नाव न देता ‘डिझेल’ किंवा ‘बर्फ’ असे काहीही नाव द्यावे, आणि बॅटरी वाचवण्याची सोय गजर अडवत नाही ना, हे घरीच दोन दिवस तपासून घ्यावे. फोन सर्वांच्या हातात जात असेल तर मनगटावर कंप पावणारे स्वस्त घड्याळ अधिक बरे.

मालवणची ताई:
मी स्वतः बारा वर्षे औषध घेते. टीएलडी रात्रीच घेतली पाहिजे असे नाही आणि जेवणाचीही सक्ती नाही. डॉक्टरांना विचारून मी ती सकाळच्या चहाशी बांधून घेतली, कारण आमच्याकडे गणपतीत चाकरमान्यांनी घर भरले की रात्रीचे काही खरे नसते. बोटीवर चहा कोणत्या वेळी होतो, ते भावाला विचारा. एखाद्या दिवशी विसरल्यास आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नयेत. मात्र पोटात जळजळते म्हणून तो ॲसिडिटीच्या गोळ्या खात असेल तर ते केंद्रात अवश्य सांगा, कारण त्यांतल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममुळे टीएलडीतले डोल्युटेग्रेविर हे औषध नीट शोषले जात नाही आणि दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. आणि तांडेलाला खरे सांगण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने न सांगण्याचा अधिकार दिलेला आहे.

हर्णै किनारा:
सर्वांचे आभार. जळजळीच्या गोळ्या तो खातच होता, हे आम्ही केंद्रात कधी सांगितलेच नव्हते. सोमवारी जाऊन सांगणार आहोत. घड्याळ घेतले असून, पहाटेचा चहा प्रत्येक फेरीत होतो असे तो म्हणतो. राहिला प्रश्न पलीकडच्या माणसाचा, तर तो मीच. बोट किनाऱ्याच्या टप्प्यात येऊन रेंज आली की मी त्याला ‘बर्फ किती उरला?’ एवढाच संदेश पाठवायचा आणि त्याने बाटलीतल्या गोळ्या मोजून फक्त आकडा कळवायचा, असे ठरले आहे. काल घरातच सराव केला. उत्तर आले, ‘२३’. मी मोजून पाहिल्या, तेवीसच होत्या.