गुणवत्ता ठरवतं कोण?
‘अमेरिकेत नोकरी देताना फक्त गुणवत्ता बघा, वंश मध्ये आणू नका’ असं काही जण म्हणतात. तत्त्व म्हणून मान्यच. पण गुणवत्तेच्या अटी कोण घालतं आणि कशासाठी, हेही बघायला हवं ना?

नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजुरीच्या विभागात घेत. तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी! २ जुलै १९६५ला नोकरीतल्या भेदभावाला बंदी करणारा कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीने त्या इतर विभागांतल्या नव्या भरतीसाठी हायस्कूल शिक्षणाच्या आधीच्या अटीसोबत लेखी चाचण्याही सक्तीच्या केल्या. अटी येण्याआधी लागलेले, हायस्कूल पूर्ण न केलेले गोरे कामगार मात्र तीच कामं नीट करत होते. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणारी, पण कामाशी संबंध नसलेली ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये एकमताने बेकायदा ठरवली.

आणि ‘कोट्यामुळे अपात्र माणसं घ्यावी लागतात’ या आक्षेपाबद्दल: राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या १९६५च्या आदेशात अपात्र माणूस घ्या असं कुठेच नव्हतं. सरकारी कंत्राटदारांनी भरतीची दारं सगळ्यांना उघडी ठेवावीत, यासाठी तो होता. जानेवारी २०२५मध्ये तो आदेश रद्द झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.