चौरस आणि समभुज चौकोन: भेद कसा सांगावा?

मूळ प्रश्न
पुण्यातील पाचवीच्या मुलांसाठी भूमितीची इंग्रजी कार्यपत्रके मराठीत आणताना मी एका वाक्याशी अडले आहे. 'प्रत्येक चौरस हा समभुज चौकोन असतो, परंतु प्रत्येक समभुज चौकोन चौरस नसतो', असे मी लिहिले. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या मते बोलीत 'चौकोनी' म्हणजे काटकोनीच (चौकोनी डबा, चौकोनी रुमाल), त्यामुळे समभुज चौकोन म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर चौरसच येईल. काय लिहावे?

प्रतिसाद 1
'चौरस' हा 'चतुरस्र'वरून आला आणि अस्र म्हणजे कोपरा. म्हणजे व्युत्पत्तीने चौरस आणि चौकोन एकच. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत, चौरसाला समचतुरस्र आणि आयताला दीर्घचतुरस्र म्हटले आहे. मराठीने त्यातला 'सम' गाळला, तो परत आणावा.

प्रतिसाद 2
मी याच्याशी पूर्ण असहमत आहे. घराच्या करारापासून चौरस फूट रुळलेला असताना मुलांवर समचतुरस्र लादणे अन्यायाचे आहे. शिवाय चौरस आहार, चौरस जमीन यांत बाजू मोजण्याचा प्रश्नच येत नाही. शब्द वापराने घडतो. वाक्य ठेवा आणि सोबत कृती द्या: सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टोकांशी टाचण्यांनी सैलसर जोडून चौरस करावा व तो हळूहळू कलता करावा, म्हणजे बाजू त्याच राहतात, पण दोन समोरासमोरचे कोन लघुकोन आणि उरलेले दोन विशालकोन होतात. लघुकोन 30 अंशांचा झाला की क्षेत्रफळ नेमके निम्मे उरते, हेही मोठ्या मुलांना दाखवता येईल.

प्रतिसाद 3
बांधकामावर गवंडी नुसत्या बाजूंवर विसंबत नाही. तो कोपऱ्याला गुण्या लावतो, किंवा एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजून त्या खुणांमधले अंतर 5 फूट भरते का ते पाहतो. भरले तर काटकोन. 'काटकोना'तला 'काट' 'काटणे'शी जोडावा, असे मला वाटते, कारण रेषा रेषेला आडवी छेदते.

प्रतिसाद 1
नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. तिरप्या रेषाही एकमेकींना छेदतातच. हिंदीतला 'समकोण' त्याहून स्वच्छ आहे.

प्रतिसाद 2
मराठीत तो चालणार नाही. समभुज त्रिकोण म्हणजे सारख्या बाजूंचा, हे शिकलेले मूल समकोन त्रिकोणाचे तिन्ही कोन सारखे समजेल आणि प्रत्येक कोन 60 अंशांचा लिहून मोकळे होईल.