टेपचा वेढा उलटा पडला की नळ गळतो

नवा बसवलेला नळ आठवड्यात गळू लागला? आमच्याकडेही अगदी हेच झालं. पैसे घेऊन गेलेला प्लंबर फोनच उचलेना. शेवटी टाकीचा कॉक बंद करून मीच नळ खोलला. टेफ्लॉन टेप, म्हणजे आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून लावायची पातळ पट्टी, उलटी गुंडाळलेली, नळ फिरवताना पिळवटून आट्यांबाहेर आलेली! आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून पाच-सहा वेढे द्यायचे. एवढंच. दीड वर्षात थेंब नाही.

गिझरच्या वायरिंगला मात्र हात लावू नका, तिथे परवानाधारक वायरमनच हवा. आणि बाथरूमची फरशी नवी असेल तर हिशेब चुकता करण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं, तर उतार चुकलाय.