जुनी पेट्रोल गाडी वेगात आणि चढावर तापते, उभी असताना मात्र ठीक. हेड उतरवण्याआधी काय तपासावं?

प्रश्न

तीन आठवड्यांपूर्वी ८ वर्षं जुनी, ९२ हजार किलोमीटर चाललेली १.२ लिटर पेट्रोल गाडी घेतली. गर्दीत, सिग्नलला, एसी लावून अर्धा तास उभी ठेवली तरी काटा मध्यावरच असतो. पण ९०-१०० च्या वेगाने वीसेक मिनिटं चालवली, किंवा चार माणसं बसवून लांब चढ चढला, की काटा पाऊण भागाच्या वर जातो. वेग ६० वर आणला की पाच मिनिटांत खाली येतो.

सकाळी इंजिन तापायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. पाणी आठवड्याला साधारण पाव लिटर कमी होतं, पण गाडीखाली डाग दिसत नाही. कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रंग नाही, पाणी किंचित तांबूस आहे. ऑइल कॅपच्या आतून पांढरट थर आहे, डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ. गॅरेजमध्ये "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल" असं सांगितलंय (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील). त्याआधी काय तपासता येईल?

उत्तर १

हेड उतरवायची घाई करू नका. गाडी कधी तापते यातच अर्धं निदान असतं. उभी असताना तापून वेगात थंड होत असती तर संशय फॅन, त्याचा रिले, फ्यूज किंवा सेन्सरवर गेला असता. तुमचं उलट आहे. फॅन काम करतोय, पण इंजिनवर भार आला की तयार होणारी उष्णता बाहेर काढण्याइतकं पाणी रेडिएटरमधून फिरत नाही किंवा तिथे थंड होत नाही.

तुम्ही ओझरता उल्लेख केलेली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: तापायला लागणारी बारा-पंधरा मिनिटं. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय, असा त्याचा अर्थ. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं हा जुना "उपाय" आहे आणि तो चुकीचा आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. तो पूर्ण उघडला की मोठी झडप रेडिएटरची वाट मोकळी करते आणि छोटी झडप बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. त्यामुळे सकाळी गाडी लवकर तापत नाही, आणि भार आला की थंडही होत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि पाणी ८२ ते ९० अंशांच्या आसपास (इंजिनप्रमाणे आकडा बदलतो) पोचलं की एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅटचं हाउसिंग (कवच) उघडून बघा. हात फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा, फॅन न सांगता सुरू होतो.

काट्यावरही विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत पाणी ८० अंश असो वा १०५, काटा मध्यावरच धरलेला असतो. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं उपकरण) लावून खरं तापमान बघा.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत, पण गॅस्केटची शंका चाचणी करूनच मिटवा.

ऑइल कॅपखालचा पांढरट थर एकटा काहीच सिद्ध करत नाही. इंजिन नीट तापत नसेल तर आतली वाफ तिथे साचते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असतं तर गोष्ट वेगळी होती.

गॅस टेस्ट करून घ्या, म्हणजे गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय का ते कळेल. निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्या द्रवातून खेचतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं पडतं. टोपण इंजिन थंड असतानाच काढा, पाण्याची पातळी चारेक सेंटिमीटर खाली घ्या (द्रवात कूलंट गेलं तर चाचणी वाया जाते) आणि मग इंजिन गरम करून मोजा. बारीक गळती भाराखालीच उघडते, त्यामुळे एकदा निळं राहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसऱ्यांदा चढ चढून आल्यावर करा, पण तेव्हाही टोपण उघडण्यापूर्वी वरचा होज हाताला मऊ लागेपर्यंत थांबा. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. टोपण निघालं की क्षणात उसळतं आणि चेहरा-हात भाजतात.

दुसरी, प्रेशर टेस्ट. थंड इंजिनावर पंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्या, बहुतेक ०.९ ते १.४ बार. त्याहून जास्त नको. १५ मिनिटं काटा स्थिर राहिला पाहिजे. पडला तर टॉर्च घेऊन या जागा बघा: वॉटर पंपच्या खालचं बारीक छिद्र (पंपचं सील गेलं की पाणी इथून झिरपतं), होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, पुढच्या सीटखालचा गालिचा (ओला असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय). टोपणाचीही त्याच पंपावर चाचणी होते, ती विसरू नका.

प्रश्नकर्ता

दोन्ही केलं. वरचा होज सुरुवातीपासून कोमट होता. हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट नाहीच. गॅस टेस्ट दोनदा केली, चढ चढून आल्यावरही द्रव निळंच. दाब १.१ वरून १५ मिनिटांत ०.८ वर आला. पंपच्या छिद्राखाली तांबूस ओघळ आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटर मोजला: मधला भाग ८४ अंश, खालचा उजवा कोपरा ५१. आता फक्त थर्मोस्टॅट आणि पंप बदलून भागेल का?

उत्तर ३

नाही, रेडिएटरही बघावा लागेल. ८४ आणि ५१ हा फरक त्या कोपऱ्यातल्या नळ्या गाळाने बुजल्याचा आहे. एक काळजी घ्या: चकाकत्या अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड खोटं वाचतं, म्हणून दोन्ही जागी काळी टेप चिकटवून पुन्हा मोजा. तरी फरक तेवढाच राहिला तर रेडिएटर बदला. प्लास्टिक टाकीचा जुना रेडिएटर साफ करून पुन्हा बसवणं मला पटत नाही, सांधा गळायला लागतो. काढलाच आहे तर त्याच्या आणि पुढच्या एसी कंडेन्सरच्या (एसीच्या जाळीच्या) मधल्या फटीतला पालापाचोळाही काढा, तो बाहेरून दिसत नाही.

गळती पंपच्या छिद्रातूनच होती. पाणी गरम इंजिनावर वाळतं, म्हणून जमिनीवर डाग पडत नव्हता. साध्या पाण्यात गंजरोधक नसतं. जुना पंप काढल्यावर त्याची पाती नक्की बघा, गंजून झिजली असतील तर वेगात कमी पडणाऱ्या प्रवाहाचं आणखी एक कारण सापडेल. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपा चालवणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल तर बेल्ट आणि टेन्शनर (तो ताणून धरणारी पुली) त्याच वेळी बदला.

क्रम असा ठेवा: नवा रेडिएटर लावण्याआधी जुन्यासकटच फ्लश करा, नाहीतर ब्लॉकमधला गाळ नव्या रेडिएटरमध्ये जाईल. डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि नवं टोपण.

भरताना बहुतेक जण एक हिशोब चुकतात. समजा एकूण क्षमता ५ लिटर आहे आणि निचरा केल्यावर ३ लिटरच निघालं. २ लिटर पाणी ब्लॉकमध्येच आहे. त्यावर तयार ५०:५० मिश्रण ३ लिटर ओतलं तर कूलंटचं प्रमाण ३० टक्केच होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी क्षमतेच्या निम्मं, म्हणजे २.५ लिटर, आणि वर डिस्टिल्ड वॉटर. प्रकार मॅन्युअलमध्ये बघून घ्या, रंगावरून नको. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात.

हवा काढायला गाडीचं नाक थोडं वर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा, हीटर गरमवर ठेवा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पाणी गरम असूनही हीटरमधून गार हवा आली तर आत अजून हवा अडकलेली आहे.

नंतर ओबीडी लावून तोच चढ, तेवढ्याच माणसांसह चढा. तापमान १०० च्या आसपास स्थिरावलं तर ठीक. १०५ ओलांडून चढतच राहिलं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि थांबा. पहिले ३०० किलोमीटर रोज सकाळी, थंड इंजिनावर पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरेल, ती उरलेली हवा. त्यानंतरही उतरत राहिली आणि बाहेर ओल दिसली नाही, तर स्पार्क प्लग काढून बघा. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, आणि तेव्हा हेड उतरवावंच लागेल.